थॉर ट्रॉयचा कसा झाला? नॉर्डिक साहित्यातील ग्रीक-रोमन प्रभाव ओळखण्याविषयी

प्रश्नकर्त्यांनी विचारले आहे ते थोडक्यात असे. आइसलँडच्या स्नोर्री स्टुर्लुसोनने १२२०च्या सुमारास लिहिलेल्या 'एड्डा' या ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद त्यांनी वाचायला घेतला आणि प्रस्तावनेतच ते थबकले, कारण तिथे थॉर हा देव नसून ट्रॉयच्या प्रायम राजाचा नातू आहे असे लिहिले आहे. पुढे त्यांच्या वाचनात आले की नॉर्स पुराणातला खडकाला बांधलेला लोकी म्हणजे ग्रीकांचा प्रोमीथियस, आणि हॅम्लेटची मूळ डॅनिश कथा म्हणजे टार्क्विन राजाच्या काळातल्या रोमच्या ब्रूटसची कथा. त्यावरून ते विचारतात, 'मग या साहित्यात स्वतःचे असे काय उरले? आणि उसने किती आहे, हे सामान्य वाचकाने ओळखावे कसे?'

लॅटिन आणि प्राचीन नॉर्स (मध्ययुगीन आइसलँड-नॉर्वेची भाषा) या दोन भाषा शिकवण्यात माझी वीस-बावीस वर्षे गेली आहेत, आणि हा प्रश्न मला जवळपास दर वर्षी कोणी ना कोणी विचारतो. त्यामागची अस्वस्थता मला समजते. मात्र प्रश्नाची मांडणी थोडी बदलली, तर उत्तराची वाट मोकळी होईल असे मला वाटते. 'उसने किती आणि स्वतःचे किती' असे विचारले, की साहित्य म्हणजे धान्याचे कोठार आहे आणि त्यातली परकी पोती मोजून बाजूला काढता येतील, असे आपण नकळत गृहीत धरतो. माझ्या अनुभवात याहून अधिक उपयोगी पडलेला प्रश्न असा आहे: हा लेखक नेमक्या याच ठिकाणी ग्रीक-रोमन गोष्टीकडे का वळला, आणि तिच्यावाचून त्याचे कोणते काम अडले होते?

उत्तर बऱ्याच अंशी देश, शतक आणि लेखनप्रकार यांवर अवलंबून आहे, हे आधीच सांगते. आइसलँडमध्ये विद्वानांनी बाराव्या शतकापासून स्वतःच्या बोलीत लिहायला सुरुवात केली. डेन्मार्कमध्ये त्याच काळातला सर्वांत मोठा ग्रंथ लॅटिनमध्ये लिहिला गेला. स्वीडनमध्ये मोठ्या साहित्यकृती त्यानंतर पुष्कळ उशिरा आल्या. शिवाय एखाद्या लॅटिन ग्रंथाचा उघड अनुवाद, लॅटिन शैलीचा अभ्यासपूर्ण वापर, आणि ज्यांचा काळच नक्की ठरत नाही अशा पौराणिक कवितांमधले एखादे साम्य, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांना एकच कसोटी लावता येत नाही.

'अभिजात' म्हणजे ग्रीक-रोमन साहित्य म्हटले, की आपल्या डोळ्यांपुढे होमर आणि सोफोक्लीस येतात. मध्ययुगीन उत्तरेत ते कोणी वाचत नव्हते, कारण ग्रीक भाषा तिथल्या शाळांत नव्हती. जे पोहोचले ते लॅटिन शाळेच्या दप्तरातून पोहोचले: डोनाटस आणि प्रिशियन यांची व्याकरणे, केटोच्या नावावर चालणारी नीतिवचने, सॅलस्टचा इतिहास, ल्यूकनचे रोमन यादवीवरचे महाकाव्य, व्हर्जिल आणि ओव्हिड. ट्रॉयची कथादेखील होमरकडून आली नाही. ट्रॉयच्या युद्धात आपण स्वतः हजर होतो असा दावा करणाऱ्या डेअरीस नावाच्या लेखकाच्या नावावरचे, प्रत्यक्षात उत्तरकालीन असलेले एक कोरडे लॅटिन गद्य पुस्तक होते. 'त्रोयुमान्ना सागा' (सागा म्हणजे मध्ययुगीन आइसलँडिक गद्यकथन) हा ट्रॉयच्या कथेचा आइसलँडिक अवतार मुख्यतः त्याच्यावर उभा आहे.

ही शाळा कशी होती याचे चित्र होलार येथील बिशप योन ओग्मुंडारसोन यांच्या चरित्रसागेत सापडते. उत्तर आइसलँडमधल्या होलारला ११०६मध्ये बिशपपीठ स्थापन झाले आणि योन तिथले पहिले बिशप. त्यांच्या शाळेत क्लैंगुर नावाचा एक मुलगा ओव्हिडचे प्रेमाविषयीचे पुस्तक वाचताना त्यांना सापडला आणि त्यांनी ते वाचायला मनाई केली. हाच क्लैंगुर पुढे स्कालहोल्टचा बिशप झाला. त्याच सागेत थोरोद्दुर नावाचा कारागीर येतो. चर्चच्या बांधकामावर असताना शेजारी मुलांना दिले जाणारे लॅटिन व्याकरणाचे पाठ त्याच्या कानांवर पडत राहिले आणि ऐकता ऐकता तोच त्या विद्येत निपुण झाला. इंगुन नावाची एक विदुषीही तिथे होती. ती इतरांना व्याकरण शिकवी, आणि लॅटिन पुस्तके दुसऱ्याकडून मोठ्याने वाचून घेऊन त्यांतल्या चुका दुरुस्त करी, ते करत असताना तिचे हात मात्र शिवणात किंवा भरतकामात गुंतलेले असत. संतचरित्रे रसाळ करून सांगण्याची रीत असतेच, म्हणून यातला शब्द न् शब्द खरा मानण्याचे कारण नाही. पण लॅटिन विद्या आइसलँडमध्ये कोणत्या हवेत रुजली ते यावरून कळते. ती चर्चच्या आवारात, हातांची कामे चालू असताना, तोंडी पाठांतून रुजली.

आता थॉर आणि ट्रॉय. प्रस्तावनेतली कथा अशी आहे. जगाच्या मध्याजवळ, तुर्कांच्या देशात ट्रॉय नगर होते. तिथल्या मुनोन ऊर्फ मेनोन नावाच्या राजाने प्रायमच्या मुलीशी लग्न केले आणि त्यांना ट्रोर नावाचा मुलगा झाला, 'ज्याला आपण थॉर म्हणतो'. तो थ्रेसमध्ये वाढला, आणि हा थ्रेस म्हणजेच आपला 'थ्रूदहेइम', म्हणजे पुराणातले थॉरचे घर. पुढे त्याला सिबिल नावाची भविष्यवेत्ती भेटली, 'जिला आपण सिफ म्हणतो', आणि त्याने तिच्याशी लग्न केले. त्याच्याच वंशात ओडिन, म्हणजे नॉर्स देवांतला प्रमुख, जन्मला आणि आपले नाव उत्तरेत गाजणार हे भविष्य कळल्यावर परिवारासह उत्तरेकडे निघाला. नॉर्स देवसमूहाचे नाव 'एसिर', म्हणून ते आशियातून आले, अशीही शब्दव्युत्पत्ती तिथे दिली आहे. ही प्रस्तावना संपूर्ण स्नोर्रीच्याच हातची आहे का, याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. माझ्या मुद्द्याला त्याने बाधा येत नाही, कारण तेराव्या शतकातल्या आइसलँडला हा विचार पटण्यासारखा होता, एवढे पुरेसे आहे.

यात नॉर्स पुराण ग्रीकांकडून आले असे काहीच सिद्ध होत नाही. थॉरच्या हातोड्याच्या, बोकडांच्या, महासर्पाला गळाला लावण्याच्या ज्या कथा स्नोर्री पुढे सांगतो, त्यांत ट्रॉयचा मागमूस नाही. ट्रॉय फक्त उंबरठ्यावर आहे. तो तिथे का ठेवला, याची दोन कारणे मला दिसतात. पहिले असे, की त्या काळात प्रतिष्ठित म्हणवणाऱ्या प्रत्येक लोकसमूहाचा मूळपुरुष ट्रॉयमधून निघालेला असे. रोमनांचा ईनियस होताच. फ्रँक लोकांनी सातव्या शतकातच तसा दावा केला होता, आणि ११३६च्या सुमारास मॉनमथच्या जेफ्रीने ब्रिटनांनाही ईनियसच्या वंशातला ब्रूटस मिळवून दिला. आइसलँडच्याच आरी थोर्गिल्सोनने बाराव्या शतकात आपली वंशावळ 'तुर्कांचा राजा इंग्वी' इथपासून सुरू केली होती. ज्याचा ट्रॉयशी संबंध नाही तो रानटी, असे मानणाऱ्या जगात उत्तरेकडच्या माणसाने आपली जागा मागितली.

दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. स्नोर्रीला तरुण कवींना स्काल्डांची, म्हणजे नॉर्स दरबारी कवींची, विद्या शिकवायची होती. त्या कवितेत सोन्याला सोने म्हणत नाहीत, 'सिफचे केस' म्हणतात. जहाजाला, रक्ताला, लढाईला अशीच कोड्यात टाकणारी नावे असतात आणि त्यांची किल्ली जुन्या देवकथांत असते. देवकथा विसरल्या की कविता मुकी होते. पण १०००च्या सुमारास ख्रिस्ती झालेल्या समाजात त्या कथा उघडपणे शिकवायच्या कशा? देव म्हणजे मुळात पराक्रमी माणसे, ज्यांना अज्ञानी लोकांनी पुढे देव मानले, ही कल्पना ग्रीकांच्या यूहेमेरसपासून चालत आलेली होती आणि ख्रिस्ती पंडितांना मान्य होती. तिचा आधार घेतल्यावर स्नोर्रीला पाखंडाचा आरोप न ओढवून घेता सगळे सांगता आले. अभिजात विद्येने इथे स्थानिक ठेव्यावर छत धरले.

याच संदर्भात एक गोष्ट सांगावीशी वाटते, कारण ती मराठी वाचकाला पटकन उमजेल. रोमन देव आणि नॉर्स देव यांच्या जोड्या पुस्तकांच्या कितीतरी आधी, वारांच्या नावांतून लागल्या होत्या. मार्सचा वार टीरचा झाला, मर्क्युरीचा ओडिनचा, जुपिटरचा थॉरचा. आपले मंगळ, बुध आणि गुरू त्याच क्रमाने येतात, कारण आपल्याकडचे वारही त्याच ग्रीक-रोमन काळातल्या ग्रहवारांच्या परंपरेतून आले आहेत. त्यामुळे पुढे लॅटिन ग्रंथांच्या अनुवादकांनी जुपिटरच्या जागी बिनदिक्कत थॉर लिहिले, त्यात त्यांना काही नवे केल्यासारखे वाटले नसेल. आणि वर ज्या बिशप योनचा उल्लेख केला, त्यांनीच आइसलँडमधून वारांची ही देवनावे हद्दपार केली असे त्यांची सागा सांगते. आजही आइसलँडिक भाषेत मंगळवारला नुसते 'तिसरा दिवस' म्हणतात.

ट्रॉयच्या या कल्पनेचा खरा उपयोग स्नोर्रीच्या पुतण्याने, ओलाफुर थोर्दारसोनने केला. त्याने १२५०च्या सुमारास लिहिलेला व्याकरण व अलंकारशास्त्राचा ग्रंथ अभ्यासक 'तिसरा व्याकरणग्रंथ' या नावाने ओळखतात. पहिला भाग प्रिशियनच्या आणि दुसरा डोनाटसच्या आधाराने लिहिलेला आहे. डोनाटस ज्या भाषादोषांची आणि अलंकारांची उदाहरणे व्हर्जिलमधून देतो, त्यांची उदाहरणे ओलाफुर नॉर्स स्काल्डांच्या कवितांतून देतो. तो म्हणतो, की रोमच्या पंडितांनी अथेन्समध्ये शिकून लॅटिनमध्ये आणलेली काव्यकला आणि ओडिन व इतर आशियावासीयांनी उत्तरेत आणलेली काव्यकला ही मुळात एकच कला आहे. प्रस्तावनेतल्या वंशावळीचे इथे काव्यशास्त्र झाले: दोघांचे मूळ एक, म्हणून एकाची मोजपट्टी दुसऱ्याला लावता येते.

पण मोजपट्टी लावताना त्याला फरकही दिसला, आणि ते वाक्य मला या संपूर्ण विषयातले सर्वांत सुंदर वाक्य वाटते. अनुप्रासाला लॅटिन अलंकारशास्त्रात एक ग्रीक नाव आहे आणि तिथे तो इतर अनेक अलंकारांपैकी एक, म्हणजे शोभेचा दागिना आहे. आपल्याकडेही तो शब्दालंकारांतच मोडतो. नॉर्स कवितेत मात्र अनुप्रास हाच छंदाचा कणा असतो: ठरावीक आघातयुक्त शब्दांची आद्याक्षरे जुळली नाहीत, तर ती ओळच होत नाही. ओलाफुर हे असे सांगतो, की सुताराने केलेल्या जहाजाला जसे खिळे धरून ठेवतात तसा हा अलंकार नॉर्स कवितेला धरून ठेवतो, आणि तो नसेल तर फळी फळीपासून सुटून जाईल. शब्द आणि चौकट लॅटिन शाळेतली, पण ती समजून घेण्यासाठी आलेली उपमा समुद्रकाठच्या जहाजबांधणीतली. यात उसने किती आणि स्वतःचे किती, हे मला वेगळे करता येत नाही, आणि करावेसेही वाटत नाही.

इथवरचे थोडक्यात सांगायचे तर, आइसलँडमध्ये ग्रीक-रोमन विद्या प्रामुख्याने चौकट म्हणून आली. तिने वंशावळ दिली, परिभाषा दिली, जुन्या कथा सांगण्याची मुभा दिली. कथांचा गाभा तिने पुरवला असे बहुतेक ठिकाणी दाखवता येत नाही. डेन्मार्ककडे वळल्यावर मात्र गाभ्याचाही प्रश्न येतो.

आर्चबिशप आब्सालोनच्या इच्छेवरून साक्सो या डॅनिश लेखकाने डेन लोकांचा इतिहास लॅटिनमध्ये, सोळा खंडांत लिहिला. तो तेराव्या शतकाच्या आरंभी पूर्ण झाला. इतर राष्ट्रे आपापल्या पराक्रमाची कीर्ती मिरवतात, मग आपल्या राष्ट्राची नोंद का नसावी, अशा भूमिकेतून तो सुरुवात करतो. त्याची लॅटिन शैली रोमन लेखक वालेरियस मॅक्सिमसच्या शैलीवर इतकी बारकाईने बेतलेली आहे, की वाक्येच्या वाक्ये त्याच्या साच्यातून काढल्यासारखी वाटतात. पुढे १५१४मध्ये पॅरिसला हा ग्रंथ छापला गेल्यावर इरास्मससारख्या मानवतावादी पंडितालाही, त्या काळात एका डेन माणसाला हे वक्तृत्व आले कुठून, याचे नवल वाटले होते. आणि तरीही साक्सो डेन लोकांना ट्रॉय वा ग्रीसमध्ये नेत नाही. डेन म्हणजे ग्रीकांचे 'दानाई', असे दूदो नावाच्या लेखकाने म्हटल्याचा उल्लेख तो करतो, आणि तो दावा बाजूला ठेवून दान आणि आंगूल या स्थानिक भावांपासून इतिहास सुरू करतो. रोमची भाषा इतकी उत्तम येणारा माणूस रोमची वंशावळ मात्र नाकारतो, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

प्रश्नात आलेली आम्लेथची, म्हणजे हॅम्लेटची, कथा साक्सोच्या तिसऱ्या आणि चौथ्या खंडात आहे. काका फेंग आम्लेथच्या वडिलांचा खून करतो आणि त्याच्या आईशी लग्न करतो. जीव वाचवण्यासाठी आम्लेथ वेडाचे सोंग घेतो. फेंग त्याला दोन सोबत्यांसह ब्रिटनला पाठवतो. त्या सोबत्यांजवळच्या लाकडावर कोरलेल्या पत्रात आम्लेथला ठार मारावे असा मजकूर असतो. आम्लेथ तो गुपचूप बदलतो आणि फाशी सोबत्यांना होते. मग तो राजापुढे आपली माणसे मारल्याचा राग आणि दुःख दाखवतो, भरपाई म्हणून सोने घेतो, ते वितळवून आतून पोकळ केलेल्या दोन काठ्यांत ओततो. वर्षभराने तो घरी परततो तेव्हा तिथे त्याच्याच श्राद्धाचे जेवण चालू असते. सोबती कुठे आहेत असे विचारल्यावर तो काठ्या दाखवून म्हणतो, हा एक आणि हा दुसरा. सगळे हसतात. तो मात्र अक्षरशः खरे बोललेला असतो, कारण त्या दोघांच्या प्राणांची किंमत त्या काठ्यांतच असते.

आता वालेरियस मॅक्सिमसने सांगितलेला रोमन ब्रूटस पाहा. त्याच्या भावाला राजा टार्क्विन, म्हणजे त्याचा मामा, मारतो. ब्रूटस मूर्खपणाचे सोंग घेऊन वाचतो. राजपुत्रांबरोबर डेल्फीला जातो तेव्हा तो देवाला वाहण्यासाठी सोने नेतो, आणि ते असते एका पोकळ काठीच्या आत. लॅटिनमध्ये 'ब्रूटस' म्हणजे मठ्ठ, आणि आइसलँडिकमध्ये 'आम्लोदी' म्हणजे खुळचट माणूस. प्रभाव ओळखण्यासाठी मी तीन कसोट्या लावते, आणि इथे त्या तिन्ही पूर्ण होतात. पहिली, ते पुस्तक लेखकाच्या हाताशी होते का? होते, याची साक्ष त्याची शैलीच देते. दुसरी, साम्य इतके विशिष्ट आहे का, की योगायोग म्हणणे कठीण व्हावे? वेडाचे सोंग पुष्कळ लोककथांत सापडते, पण वेडाचे सोंग, जुलमी नातेवाईक, परदेशप्रवास आणि सोने भरलेली पोकळ काठी हे सारे एकत्र सहसा सापडत नाही. तिसरी, मधला कोणी मध्यस्थ किंवा दोघांचा समान उगम मानायला हवा का? इथे तशी गरज दिसत नाही.

म्हणून काठी रोमहून आली असे मी मानते. पण आम्लेथ रोमहून आला नाही. स्नोर्रीने 'एड्डा'त एका जुन्या स्काल्डाची ओळ दिली आहे, तिच्यात समुद्राला आम्लोदीचे जाते म्हटले आहे. म्हणजे या नावाच्या कोणा वीराची कथा उत्तरेत साक्सोवाचूनही माहीत होती. शिवाय काठीचे काम पाहिले तर दोन्हीकडे ते वेगळे आहे. ब्रूटसची काठी त्याच्या स्वभावाचे प्रतीक आहे: बाहेरून सामान्य लाकूड, आत सोने. आम्लेथची काठी उत्तरेकडच्या कायद्यातली खुनाची भरपाई आहे आणि ती एका शाब्दिक कोड्यात बसवलेली आहे, जे कोडे स्काल्डांच्या कवितेत वाढलेल्या श्रोत्यालाच पुरते रुचेल. हाच साक्सो दुसऱ्या खंडात डॅनिश राजवाड्यावरच्या रात्रीच्या हल्ल्याविषयीच्या 'ब्यार्कामाल' या जुन्या वीरगीताचे सुमारे तीनशे लॅटिन षट्पदी (सहा गणांच्या) ओळींत रूपांतर करतो. नॉर्स मूळ आज अगदी थोड्या कडव्यांत उरले आहे. पहाट झाली, कोंबड्याचे पंख फडफडले, उठा, अशा हाकेने ते सुरू होते आणि फार थोड्या शब्दांत संपते. साक्सोच्या हाती त्याच रात्रीच्या हल्ल्याला व्हर्जिलच्या 'ईनिड' महाकाव्याच्या दुसऱ्या सर्गातल्या जळत्या ट्रॉयचा विस्तार आणि भव्यता येते. मला व्यक्तिशः नॉर्स कडवी अधिक प्रिय आहेत, पण साक्सो काय साधू पाहत होता तेही मला दिसते. त्याला डॅनिश राजवाड्याचा पाडाव ट्रॉयच्या पाडावाच्या शेजारी ठेवायचा होता.

लोकी आणि प्रोमीथियस या जोडीला याच कसोट्या लावल्या तर त्या अपुऱ्या पडतात. दोघेही देवांचा कोप ओढवतात, दोघांनाही खडकाला बांधले जाते, दोघांनाही प्राण्याकरवी यातना होतात. पण एकीकडे गरुड यकृत खातो, दुसरीकडे सर्पाचे विष तोंडावर ठिबकते आणि पत्नी सिगिन ते भांड्यात झेलत बसते. ती भांडे ओतायला वळते तेव्हा विष अंगावर पडून लोकी तडफडतो आणि भूकंप होतो. शब्दांचा माग लागत नाही, प्रसंगाचे काम वेगळे आहे, आणि डोंगराला बांधलेल्या बंडखोराची कथा जॉर्जियातल्या अमिरानीच्या परंपरेतही आहे. अशा वेळी 'साम्य आहे' इतकेच म्हणावे आणि थांबावे. शिकाऊ असताना टीपांमधले प्रत्येक 'व्हर्जिलशी तुलना करा' मी पुरावा समजत असे. पुष्कळ मध्ययुगीन लेखकांनी मूळ काव्य न वाचता सुभाषितसंग्रहांतून ओळी उचललेल्या असतात, हे कळायला मला बराच काळ लागला.

उघड अनुवादांबद्दल थोडक्यात सांगते, कारण तिथे प्रभाव सिद्ध करावा लागत नाही. 'रोमव्हेर्या सागा'त सॅलस्ट आणि ल्यूकन यांना एकत्र करून गद्य रोमन इतिहास केला आहे. शातियोंच्या वॉल्टरच्या लॅटिन महाकाव्यावरून ब्रांडुर योनसोनने १२६०च्या आसपास 'अलेक्झांडर्स सागा' केली. तो पुढे होलारचा बिशप झाला. केटोची नीतिवचने नॉर्स छंदात आली. स्वीडनमध्ये १३८०च्या सुमारास बो योनसोन ग्रिप या सरदाराच्या आश्रयाने अलेक्झांडरची कथा यमकबद्ध ओळींत झाली. यांत पाहण्यासारखी गोष्ट म्हणजे अनुवादकांनी काय गाळले ती: लांबलचक संबोधने आणि पुराणातले संदर्भ कमी होतात, घटना आणि संवाद राहतात. आइसलँडिक सागांची आटोपशीर शैली सॅलस्टकडून आली, असे मत अधूनमधून मांडले जाते. मला ते पटत नाही. तोंडी कथनाची सवय तिचा उलगडा करायला पुरेशी आहे, आणि अनुवादक लॅटिनला सागेच्या साच्यात ओढताना दिसतात, त्याच्या उलट फारसे दिसत नाही.

सोळाव्या-सतराव्या शतकांत गरज बदलली. आता एकेका राजसत्तेला युरोपात मान हवा होता. १४३४मध्येच बाझलच्या धर्मपरिषदेत निकोलाउस रागवाल्डी या स्वीडिश बिशपाने, प्राचीन गॉथ जमातीचे लोक आमच्याच देशातून निघाले, म्हणून आम्हाला मानाचे आसन द्या, असे भाषण केले होते. त्याचा आधार योर्डानेसचा सहाव्या शतकातला लॅटिन ग्रंथ होता. १५५४मध्ये योहानेस माग्नुसचा गॉथ राजांचा इतिहास रोमला छापला गेला, आणि १६७९पासून ओलोफ रुडबेकने प्लेटोचे अटलांटिस म्हणजे स्वीडनच, हे सिद्ध करण्यासाठी जाडजूड खंड लिहिले. निष्कर्ष आज कोणी मानत नाही, पण मातीच्या थरांची जाडी मोजून जुन्या थडग्यांचा काळ ठरवण्याचा त्याचा प्रयत्न मला आजही आदरणीय वाटतो. आइसलँडच्या आर्नग्रीमुर योनसोनने १६०९मध्ये आपल्या देशाविषयी परदेशात पसरलेल्या गैरसमजांना लॅटिनमध्येच उत्तर दिले आणि ग्रंथाचे नाव ठेवले 'क्रिमोगेआ': ग्रीक भाषेतले 'हिम' आणि 'भूमी' हे शब्द जोडून केलेले, 'आइसलँड'चेच ग्रीक भाषांतर.

या काळातला मला सर्वांत जवळचा लेखक स्वीडनचा येओर्ग शेर्नयेल्म. त्याचे 'हर्क्युलिस' हे काव्य १६५८मध्ये छापले गेले. तरुण हर्क्युलिस एका पहाटे उठतो आणि आयुष्य कोणत्या वाटेने न्यावे या काळजीत पडतो. ग्रीक लेखक झेनोफनने सांगितलेल्या जुन्या कथेप्रमाणे त्याच्यापुढे विलास आणि सदाचार या दोन स्त्रिया येतात. पण शेर्नयेल्मची विलासदेवी एकटी येत नाही. आळस, वासना आणि उथळपणा या तिच्या तीन मुली आणि नशा हा मुलगा तिच्याबरोबर असतो, आणि मुलींची स्वीडिश नावे, लेत्या, शेत्या, फ्लेत्या, एकमेकींशी यमक जुळवतात. छंद त्याने रोमनांचा षट्पदी घेतला. मराठी वृत्तांची सवय असलेल्या वाचकाला यातली अडचण लगेच कळेल: लॅटिन वृत्त आपल्यासारखे लघु-गुरूवर चालते, तर स्वीडिश कान आघातावर चालतो. शेर्नयेल्मने गुरूच्या जागी मुख्यतः आघात ठेवला आणि ओळ चालती केली. त्यासाठी जुने, विस्मरणात गेलेले स्वीडिश शब्द त्याने हुडकून आणले. त्याच्या १६६८च्या संग्रहाच्या शीर्षकातच म्हटले आहे, की काव्यदेवता आता प्रथमच स्वीडिशमध्ये रचायला आणि वाजवायला शिकत आहेत.

बर्गेनमध्ये जन्मलेल्या आणि कोपनहेगनमध्ये लिहिणाऱ्या लुडविग होल्बेर्गच्या काळापर्यंत, म्हणजे १७१९-२०पर्यंत, वाचकाला व्हर्जिल इतका परिचित झाला होता, की त्याचे विडंबन करता येऊ लागले. 'पेडर पोर्स' या काव्यात एक साधा दुकानदार वाग्दत्त वधूला भेटायला कालुंदबोर्गहून ऑर्हूसला निघतो, आणि ईनियसप्रमाणे देवतेच्या रोषाने त्याचे जहाज आनहोल्ट बेटावर फुटते. त्याच्या नाटकांत रोमन नाटककार प्लाउटसचा बढाईखोर शिपाई आणि पछाडलेले घर डॅनिश वेशात वावरतात, आणि भूगर्भातल्या अद्भुत देशांची 'नील्स क्लिम' ही कादंबरी मात्र त्याने १७४१मध्ये लॅटिनमध्येच प्रसिद्ध केली, कारण ती साऱ्या युरोपने वाचावी अशी त्याची इच्छा होती.

आपण 'एड्डा' वाचतच आहात, तर एक सुचवते. प्रस्तावना संपली की स्नोर्रीच्याच 'हेइम्सक्रिंग्ला' या नॉर्वेच्या राजांच्या इतिहासामधल्या 'इंग्लिंगा सागे'ची पहिली पाच-सहा प्रकरणे तिच्या शेजारी ठेवून वाचा. ओडिन तिथेही आशियातून येतो, त्याचे आसगार्ड, म्हणजे देवांचे नगर, तानाइस (म्हणजे डॉन) नदीच्या पूर्वेला आहे, आणि रोमन सेनापती जग जिंकत सुटल्यामुळे अनेक सरदार आपापले प्रदेश सोडत होते त्या काळात तो उत्तरेला निघतो. ट्रॉय, प्रायम, मेनोन यांतले तिथे काहीही नाही. एका ग्रंथाला काव्यविद्येचे रक्षण करायचे होते आणि दुसऱ्याला नॉर्वेच्या राजवंशाची सुरुवात काळाच्या पटावर बसवायची होती, हे मनात ठेवून दोन्हींतला फरक ओळीओळीने टिपून पाहा, आणि जिथे अडेल ती ओळ इथे लिहा. मी मूळ पाठ पाहून उत्तर देईन.